यादीतली झडप

॥ श्री सेवालाल महाराज प्रसन्न ॥
धनज, ता. १४ ऑक्टोबर १९५७

चि. मदनसिंगास अनेक आशीर्वाद. घरी सर्व ठीक. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझी रुपाकाकी रोज तुझी आठवण काढते.

परवा सकाळी देवापुढे दिवा लावला आणि तिथेच तुझे पाकीट उघडले. तुम्ही तिघे मित्र कॉलेजात वाफेचे छोटे इंजिन करणार, त्याच्या सामानाची यादी आणि खाली पालकाच्या सहीची जागा. तांब्याचा पत्रा, नळ्या, नट, सगळे नीट मांडलेस. हिरवा रंग. तिघांच्या नावांची पितळी पाटी. आणि शेवटी, 'सेफ्टी व्हॉल्व्ह, जुना चालेल. बाबा भंगारातून आणतील.'

दिवा कधी विझला, कळले नाही.

मी कापसाच्या जिनात बॉयलरची भट्टी सांभाळलेली, मला पारख असणार असे तुला वाटले. म्हणून कारंज्याला सादिक भंगारवाल्याकडे गेलो. त्याने एक झडप काढली, दांडा वाकलेला.

"वाफ दाटली तं वेळेवर उघडंल काय हे?" मी विचारले.

"लवकर उघडली तं वजन लटकवा तिले, लालसिंगभाऊ! जिनवाले तेच करत होते ना?"

तो गमतीने बोलला. मी झडप तिथेच ठेवली. तसाच परत आलो. तेव्हापासून चुलीवरचे झाकण खडखडले तरी मी उठून उभा राहतो.

"भाऊजी, पोराच्या कागदात असं काय हाय? जेवून नाई राह्यले तुमी," रुपाबाईने विचारले.

"काही नाही," म्हणालो. तिला अठरा वर्षे हेच सांगत आलो.

मदन, जुना बॉयलर फुटून सोमलाकाका गेला आणि काकीचे कुंकू पुसले गेले, असे तू ऐकले आहेस. बॉयलर जुना नव्हता. हंगाम होता, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. झडप सारखी फुसफुसत होती, वाफ वाया जात होती. मुकादम जगदेव ओरडला, "लालसिंग, झोपून राह्यला काय बे?" मी दोन शेरांचे वजन तारेने दांड्याला टांगले. झडप गप्प झाली. मला बरे वाटले. तेवढ्यात सोमला माझी शिदोरी घेऊन आला. "बस जरा, पाणी पिऊन येतो," मी म्हटले.

विहिरीपर्यंतही पोचलो नव्हतो.

वजन कोणाला सापडले नाही. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सांगितले, बॉयलर जुना होता. त्यांनी तेच लिहिले. पोहरादेवीला दरवर्षी नारळ ठेवतो, पण तिथेही हे तोंडातून निघाले नाही.

यादी सोबत परत पाठवतो. पितळी पाटी आणि हिरवा रंग मी खोडले आहेत, ते पैसे झडपेला लागतील. झडपेपुढचे 'जुना' खोडून 'नवा' लिहिले आणि मगच सही केली. मित्र रागावतील, रागावू देत. झडप फुसफुसली तर फुसफुसू दे, तिला हात लावू नका. आणि भट्टीजवळ आपल्या जागी दुसऱ्याला कधी बसवू नकोस.

इथवर लिहून झाल्यावर आज दुपारी हे पत्र तुझ्या काकीला पहिल्यापासून वाचून दाखवले. तिने पदर पुढे ओढून घेतला. मग म्हणाली, "टाकून या पेटीत. पोरगं वाट पाहून राह्यलं असंल."

अजून तिने मला जेवायला बोलावलेले नाही.

तुझा बाप आणि सोमलाचा भाऊ,
लालसिंग