पाव इंचाची शिवण

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा जुळलं नाही! गोधडीच्या वरच्या ओळीचे सांधे खालच्या ओळीच्या सांध्यांना भेटायलाच तयार नाहीत. दोन-तीन चौकोन गुण्यागोविंदाने जातात, चौथ्यापासून फटकून वागायला लागतात. वरची ओळ ताईने जोडलेली, खालची मी. शिवण दोघींची पाव इंचाची. पाव इंच म्हणजे पाव इंच, त्यात तुझं-माझं कुठून आलं?

ताई म्हणते, "इस्त्री करताना ताणलं असशील." मी इस्त्री कधी घासत नाही. ठेवते, उचलते, ठेवते. तिनेच तसं शिकवलंय.

दुसरी एखादी गोधडी असती तर एवढा घोर लागला नसता. ही भूगोल शिकवणाऱ्या बाईंची आहे. नवरा गेला, त्याचे शर्ट पिशवीत घालून आणून दिले. "चिंधीसुद्धा वाया घालवू नका हं." आता हे कापड कुठल्या दुकानात जाऊन मागायचं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताई दुपारी आडवी झाली तेव्हा तिची ओळ खिडकीशी नेऊन बघितली.

वाकडी आहे. सुरुवात सरळ, मध्ये पोट आल्यासारखी बाहेर जाते, मग परत जागेवर येते. दुसरी शिवण बघितली, तीही तशीच. माझ्या शिवणी बघितल्या — सरळ.

विश्वासच बसेना. ही ताई! आमच्या फ्रॉकची झालर जरा तिरकी गेली तरी पुन्हा उसवायला लावणारी. या खोलीत दोन मशिनी टाकून आम्ही जो धंदा उभा केला तो तिच्या हातावर. लोक अजून विचारत येतात, "मोठ्या ताई आहेत का?" मला कुणी विचारत नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. बरं, थोडं वाटलं.

तिला काही बोलले नाही. ओळ परत जागेवर ठेवली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मशीन दुरुस्त करणारा येऊन गेला. ताईच्या मशीनवर दोरा न ओवता नुसत्या कागदावर सुई चालवली. कागद उजेडाकडे धरला, म्हणाला, "भोकं कशी एका रांगेत आहेत बघा. मशीनचं काही नाही. आता शिवणाऱ्याचे हात तपासा." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. ताईही हसली.

मी तिच्या हातांकडे बघत होते. कप उचलताना थरथरतात. आधी थरथरायचे का? आठवत नाही. बघितलंच नाही कधी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज डोकं पार चक्रावून गेलं.

आमची जुनी परीक्षा घेतली. दीड इंची तीन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, शिवण पाव इंच बरोबर असेल तर सगळं मिळून साडेतीन भरतं. गंमत म्हणून करू या म्हटलं. ताईचं भरलं साडेतीन. काटेकोर. माझं एक सूत कमी!

असं कसं? डोळ्यांना तिची शिवण वाकडी दिसते आणि ती मापात बसते. माझी सरळ दिसते आणि ती कमी भरते. तिने पट्ट्या रुंद कापल्या असतील. नाहीतर प्लास्टिकची मोजपट्टीच गेली असेल. इस्त्रीशेजारी पडून पडून मध्ये वाकलीये मेली.

ताई म्हणाली, "तू जरा जास्त आत घेतेस का गं?" मी म्हटलं, "मी?" मग ती पट्ट्या गोळा करायला लागली.

सोमवार, १० फेब्रुवारी

ताई नळदुरुस्तीवाल्याला बोलवायला गेली तेवढ्यात तिच्या दोन ओळी उसवल्या. सगळ्या. पुन्हा शिवल्या. कडा वाकड्या दिसत होत्या म्हणून पट्टी लावून कातरल्या.

आता ते चौकोन बाकीच्यांपेक्षा लहान झालेत. निळ्या रेघांचा शर्ट संपला. बाहीचा एक तुकडा उरलाय, त्यात काही होत नाही.

ताईने अजून बघितलं नाही. की बघितलंय आणि बोलत नाही?

बुधवार, १२ फेब्रुवारी

बोलले एकदाची. आणि बोलून बसल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

म्हटलं, "ताई, तू आता कापायचं आणि इस्त्रीचं बघ. मशीनचं मी बघते."

बराच वेळ ती बॉबिनवर दोरा गुंडाळत राहिली. मग, "माझं वाकडं जातंय का?"

"जातंय थोडं."

"मला तर सरळ दिसतं."

"तेच तर म्हणते मी."

भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. पण नाही. "तुला दिसतंय म्हणजे असेल," म्हणाली. "तुझी नजर माझ्यापेक्षा तरुण." मशीनवर झाकण ठेवलं. खुर्ची भिंतीला लावली. आणि कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या, जसं काही हेच तिचं आयुष्यभराचं काम.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बरोबर वागल्यावर इतकं वाईट का वाटावं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताई दिवसभर इस्त्री. कामापुरतं बोलते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काहीच कळेनासं झालंय. आजच्या दोन्ही ओळी माझ्या. वरची माझी, खालची माझी. तरी जुळत नाहीत! ताईचा हातसुद्धा लागलेला नाही. आता कुणाला बोल लावू?

ताई इस्त्री बाजूला ठेवून जवळ आली, ओळीवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, "काय?" म्हणाली, "काही नाही. जेवून घे."

एक सुचलंय. उद्या तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. चष्मा बदलला की बसेल परत मशीनवर. हे आधी का नाही सुचलं! सांगितलं तर लगेच "चल" म्हणाली. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ताईचे डोळे ठणठणीत आहेत. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, पुन्हा बघा, हिच्या शिवणी वाकड्या जातात. ताई म्हणाली, "आलोच आहोत तर हिचेही बघा ना."

माझा डावा डोळा झाकला. समोर बारीक चौकड्यांचा कागद धरला, रेघा कशा दिसतात विचारलं. मी म्हटलं, तुमचा कागद मध्ये वाकलाय, तो आधी सरळ करा.

ताईने माझा हात धरला. "कागद सरळ आहे गं," म्हणाली.

तिच्या सरळ शिवणी मी उसवून टाकल्या.