चाळीस-ऐंशीचं बटण

आबा, ती फ्लॉपी मी धुळ्याला नेऊन वाचून आणली.

तुमचा तो टीव्हीला जोडायचा संगणक केव्हाच भंगारात गेला, ड्राइव्हही गेला. फ्लॉपी मात्र प्रत्येक घर बदलताना मी सोबत नेली. आठवण म्हणून नाही, पुरावा म्हणून. तुम्ही माझ्याशी दगा केला होता आणि तो त्या काळ्या चौकोनात बंद आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुमच्या वर्षश्राद्धालाही नैवेद्य वाढताना ते माझ्या मनात असायचं.

सुरुवात वेळापत्रकापासून झाली. शाळेचं वेळापत्रक तुम्ही दर जूनमध्ये मोठ्या कागदावर पेन्सिलनं करायचात, खोडरबरानं कागद फाटायचा. कुणाला सलग दोन तास नकोत, प्रयोगशाळा एकच, आणि पारोळ्याहून अप-डाऊन करणाऱ्या गुरुजींना पहिला तास द्यायचा नाही, कारण त्यांची एसटी कधी वेळेवर येत नाही. ते सगळं त्या मशीनमध्ये बसवायचा प्रोग्राम मी लिहिला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसायचात, नियम सांगायचात आणि मध्येच म्हणायचात, "पण हे कसं जमवशील?" जमलं. तुमचा डबा घेऊन शाळेत आले त्या दिवशीचं आठवतंय. शिक्षकखोलीच्या दाराशी मी उभी आहे, आत मुख्याध्यापक म्हणताहेत, "सर, कमाल केलीत तुम्ही." पारोळ्याचे गुरुजी म्हणतात, "सरांनी माझा संसार वाचवला, आता बायको रोज पहाटे उठवत नाही." सगळे हसतात. तुम्हीही हसता. ती केलीय माझ्या पोरीनं, एवढं एक वाक्य मी दाराशी उभी राहून ऐकायची वाट पाहते. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत, जिथे करणाऱ्याचं नाव लिहितात, तिथे तुमचंच नाव होतं. ते मीच घातलं होतं, मानानं. तुम्ही ते काढायला सांगाल असं मला वाटलं होतं.

मग धुळ्याच्या संस्थेची जागा निघाली. संगणक शिकवायला माणूस हवा होता आणि उमेदवारानं स्वतः केलेला प्रोग्राम तिथल्या मशीनवर चालवून दाखवायचा होता. मशीन आपल्यासारखंच, पण त्यांचा ड्राइव्ह जुना, चाळीस रेघांचा. आपला नवा, ऐंशीचा. फ्लॉपीवर एकात एक गोल रेघा असतात आणि माहिती त्यांवर लिहिली जाते, हे तुम्हीच मला ताटात बोटानं वर्तुळं काढून शिकवलं होतं. आपल्या ड्राइव्हच्या मागे एक बटण होतं, चाळीस नाहीतर ऐंशी. परगावी फ्लॉपी द्यायची तर बटण चाळीसवर. आणि दुसरा नियम, ज्यासाठी मी तुमची बोलणी खाल्ली होती: परगावी द्यायची ती फ्लॉपी कोरीच हवी. रावेरच्या तुमच्या मित्राला मी एकदा वापरलेली फ्लॉपी पुसून पाठवली, ती तिथे चालली नाही. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण जेवणाच्या ताटावरून म्हणालात, "जुन्या रेघा बुजत नाहीत. दुसऱ्याच्या दारात आपली लाज काढायची नाही."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या मनातल्या खटल्याचा सगळा भार या एका गोष्टीवर होता.

धुळ्याला जायच्या आदल्या संध्याकाळी फ्लॉपी तुम्ही तयार केलीत. मी करते म्हटलं तर म्हणालात, राहू दे, तू साडीला इस्त्री कर. तासाभरानं पाकिटात घालून माझ्या हातात दिलीत. घरात खूप जवळचं बोलायचं असलं की तुम्ही आईच्या बोलीत यायचात. म्हणालात, "बठ्ठं बरोबर शे. जाय." सगळं बरोबर आहे, जा.

धुळ्यात ड्राइव्हचा दिवा लागतो, आत करकर होते, आणि पडद्यावर डिस्क खराब असल्याची एक ओळ येते. पुन्हा. पुन्हा तेच. समोरचे साहेब सज्जन होते. म्हणाले, "ताई, प्रोग्राम घरी राहिला का?" त्यांच्या शेजारच्या माणसानं रुमाल तोंडाला लावला. मी फळ्यावर खडूनं लिहून दाखवते म्हटलं. ते म्हणाले, खडूनं सगळ्यांचंच चालतं.

घरी आले तेव्हा तुम्ही अंगणात होतात. मी सांगितलं. तुम्ही फ्लॉपी घेतलीत, आत जाऊन लावलीत, आणि वेळापत्रक पडद्यावर सर्रकन उतरलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "आठे तं चालस," म्हणालात. इथे तर चालतं. बस. ना हळहळ, ना आश्चर्य, ना त्या साहेबांना चिठ्ठी. त्या शांतपणाचा मी एकच अर्थ लावला. पोरगी धुळ्याला गेली असती तर पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक कोण करणार होतं? आणि धुळ्यात तो प्रोग्राम माझ्या नावानं चालला असता, तर शिक्षकखोलीतल्या हसण्याचं काय झालं असतं?

पुढे मी आपल्या जळगावातच वर्तमानपत्रात लागले. रोज संध्याकाळी पान छपाईला सोडायचं असलं की मागचं उगाळायला सवड मिळत नाही, असं लोकांना वाटतं. मिळते, आबा. तुमच्याशी मी व्यवस्थित वागले, दवाखाना केला, शेवटचं पाणी पाजलं. पण विचारलं कधीच नाही, आणि तुम्हीही कधी त्या दिवसाचा विषय काढला नाहीत. तेही मी तुमच्याविरुद्धच धरलं.

गेल्या महिन्यात रविवारच्या पुरवणीसाठी धुळ्यातल्या एका प्राध्यापकावर लिहायला गेले. चाळिशीचा माणूस, पण घराच्या माडीवर जुनी मशीनं इतकी, की बायको म्हणते, आता मलाच भंगारात घाला म्हणजे माझ्याकडे बघाल. मुलाखत झाल्यावर मी पर्समधून फ्लॉपी काढली. दुसऱ्या खोलीत नेऊ दिली नाही. बदलली तर, असंही मनात आलं. तो हसला आणि माझ्यासमोरच त्यानं दोन ड्राइव्ह मांडले, एक चाळीसचा, एक ऐंशीचा. चाळीसवर तीच करकर, तीच ओळ. ऐंशीवर, बटण चाळीसला ठेवून, पारोळ्याच्या गुरुजींचे तास एकामागून एक उतरले.

मी म्हटलं, "म्हणजे मुद्दाम बिघडवलेली आहे."

"नाही हो ताई," तो म्हणाला, "हिचं पहिलं लग्न लपवून दुसरं लावलंय." मग त्यानं समजावलं. जुन्या ड्राइव्हचं वाचणारं-लिहिणारं डोकं रुंद, रेघही रुंद. नव्याचं बारीक. रुंद रेघेवर बारीक रेघ ओढली की दोन्ही कडांना जुनं शिल्लक राहतं. बारीक डोक्याला ते दिसत नाही, त्याला सगळं स्वच्छ वाटतं. रुंद डोकं मात्र दोन्ही एकदम ऐकतं, आणि दोन माणसं एकदम बोलली की काय कळणार?

मला हे नवीन नव्हतं. रावेरच्या वेळी तुमच्याकडून ताटावर ऐकलेलं होतं. मी म्हटलं, खाली काय आहे ते काढता येईल? येईल, थोडं, म्हणाला. त्यानं बटण ऐंशीवर केलं आणि डोकं मधल्या, जुनं उरलेल्या रेघांवर नेलं. मला वाटलं, आता तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका निघतील. घरातली वापरलेली फ्लॉपी, जाणूनबुजून दिलेली. खटला संपेल.

पडद्यावर कचरा आला आणि त्या कचऱ्यात इंग्रजी अक्षरांत तीन-चार तुटके शब्द. फैजपूर. केळी. ट्रक. पुन्हा फैजपूर.

आपल्या घरात केळीचं एक झाड नव्हतं, आबा. ती कुण्या व्यापाऱ्याकडची वापरलेली फ्लॉपी होती आणि दुकानदारानं नवी म्हणून तुम्हाला विकली होती. बी.एस्सी. झाल्याबद्दल तुम्ही मला दिलेल्या कोऱ्या फ्लॉपींच्या खोक्यातली. त्या खोक्यावरचं ताणून बसवलेलं प्लास्टिक मी दातानं फाडलं होतं, तुम्ही म्हणाला होतात, "कात्री शे ना घरमा." ते मला कायम आठवत होतं, फक्त खटल्यात मी ते कधी मांडलं नाही. आणि ते प्लास्टिक तुम्ही परत चढवलं असेल म्हणावं, तर वह्यांना कव्हर घालायलाही तुम्ही माझ्याकडे द्यायचात.

म्हणजे तुम्ही सगळं नियमानं केलंत. कोरी फ्लॉपी, बटण चाळीसवर, चालवून पाहिलेली. मग मी रिकाम्या हातानं आले, तुम्ही ती लावलीत आणि ती चालली. त्या वेळी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते आता मला वेगळं दिसतं. तुम्हाला वाटलं असणार, पोरीचा ऐन वेळी धीर सुटला, ती आत गेलीच नाही, आणि आता फ्लॉपीवर ढकलतेय. म्हणून विषय काढला नसेल, मला लाज वाटू नये म्हणून. की हेही मी आता तुमच्या बाजूनं रचतेय? सवय जात नाही.

एक राहिलं. प्राध्यापकानं प्रोग्रामची पहिली ओळ दाखवली. तिथे तुमचं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही ते काढलं होतंत. माझंही घातलं नव्हतं. नावाची जागा नुसती मोकळी. मला भरता यावं म्हणून सोडलीत, की माझं लिहायला हात धजला नाही, हे कुठल्याही ड्राइव्हवर वाचता येत नाही. प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून देताना त्यानं विचारलं, "नाव कुणाचं टाकू?" मी म्हटलं, जसं आहे तसं राहू द्या.

परतीच्या एसटीत हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. आबा, माझा प्रोग्राम दडपावा इतका तो तुम्हाला मोलाचा वाटला होता, या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली. केळीच्या फ्लॉपीनं तीही नेली. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. तुम्हीच दगा केलेला निघावा, असं मला त्या माडीवर शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं.