लिफाफा क्रमांक ३९१

९ जानेवारी

आज मी लिफाफा उजेडाला धरला. लिहूनच ठेवते — पुढंमागं स्वतःशी खोटं बोलायची सोय नको.

३९१ दादाचा. एक्स-रे बघायच्या पेटीवर ठेवला, दिवा लावला. या वेळी कागद पातळ आलाय. आतली अक्षरं अंधूक, पण वाचता आली — 'औषधे'. मग ३९२ ठेवला. 'शस्त्रक्रिया'. तो एका शिंप्याचा. दोघं बाहेर एकाच बाकावर बसले होते. दोघांच्या हृदयाची ताकद पंचवीस टक्क्यांवर आलेली, दोघांच्या सह्या झालेल्या, नोंदवहीत लिफाफ्यांचे आकडेही पडलेले. मी दोन्ही फायलींवरचे आकडे खोडले आणि याचा त्याला, त्याचा याला दिला. सिस्टरला म्हटलं, "अदलाबदल झाली होती, नीट केली." ती म्हणाली, "बरं झालं मॅडम, तुमचं लक्ष गेलं!"

एक मिनिटही लागलं नाही.

चारशे माणसांचा हा अभ्यास. दोनशेंच्या हृदयाचा मेलेला भाग कापून उरलेलं शिवायचं, दोनशेंना नुसती औषधं. सहा महिन्यांत दोन्हीकडे किती मरतात ते मोजायचं. कुणाच्या वाट्याला काय, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही — लिफाफ्यानं ठरवायचं. का? कारण डॉक्टरही माणूस आहे, त्यालाही लाडकी माणसं असतात! हे वाक्य मी किती व्यासपीठांवरून फेकलंय. आणि अभ्यास संपेपर्यंत लिफाफ्याशिवाय ही शस्त्रक्रिया इथं कुणावरही करायची नाही, हा नियम कुणाचा? माझाच.

पण ती जगवते, हे मला माहीत आहे. बारा वर्षं ही हृदयं मी हातात धरली आहेत. माहीत असताना सख्ख्या भावाला गोळ्यांची पुडी देऊन घरी पाठवू?

१० जानेवारी

लाज वाटायला हवी होती. गाढ झोपले.

१३ जानेवारी

दादा दाखल झाला. चाळीस वर्षं प्लंबर. त्यामुळे दवाखान्यात आल्या आल्या आधी नळ तपासला. "वॉशर गेलाय. माणसांची हृदयं दुरुस्त करता, हा कोण करणार?"

माझा धाकटा सहकारी शस्त्रक्रिया करणार आहे. सख्ख्या नात्यावर मी हात चालवायचा नाही — तेवढा नियम पाळला! त्यानं चित्र काढून दादाला सगळं समजावलं. दादा सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे जुन्या लाइनीवर नवा पंप. बघा हं डॉक्टर, जुन्या लाइनीत प्रेशर वाढलं की पाइप भलतीकडेच फुटतो." सहकारी हसला. मी हसले नाही. "तू पाइपाचं बघ, हृदयाचं मला कळतं," असं काहीतरी फाडकन बोलले.

वहिनी म्हणाली, "वन्सं, रागावू नका. भ्यालेत ते."

"मी? भ्यायलो?" दादा म्हणाला. "ही तोफ लहानपणापासून माझ्या कानाशी धडाडतेय. मी कशाला भितोय!"

खरं आहे. वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी त्याच्यापुढं म्हणून बघायची. तो पाइपाला आटे पाडत ऐकायचा. मग म्हणायचा, "आवाज भरपूर आहे. मुद्दा कुठाय?"

१७ जानेवारी

सहा तास. हृदय पहिल्या झटक्यात सुरू झालं! मी काचेपलीकडून पाहिलं. वहिनीला मिठी मारली. आजवर कधी मारली नव्हती. तीही गोंधळली, मीही.

२५ जानेवारी

आज हृदयतज्ज्ञांच्या सभेत बोलले. पंचेचाळीस मिनिटं, कागद नाही. "दुबळ्या हृदयाला आपण नाकारतो. कारण ते टेबलावर मेलं तर आपल्या नावावर जमा होतं, आणि घरी मेलं तर नशिबाच्या!" टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "बाई, बोललात झकास. पण अभ्यास संपलेला नाही ना अजून?" मी म्हटलं, "निकाल काय लागणार ते मला माहीत आहे." ते म्हणाले, "मग अभ्यास कशाला करता?"

मी चहाचा कप उचलून दुसऱ्या घोळक्यात गेले.

संध्याकाळी दादा वॉर्डात वीस पावलं चालला. त्या म्हाताऱ्याला दाखवायला हवं होतं.

४ फेब्रुवारी

पाय सुजलेत. लघवी कमी. किडनी साथ देत नाहीये. सहकारी म्हणतो, "होतं असं, सावरेल." हेच वाक्य मी नातेवाइकांना शेकडो वेळा ऐकवलं असेल. आज ते नातेवाइकाच्या बाजूनं ऐकलं. पोकळ वाजतं.

१३ फेब्रुवारी

शिंपी तपासणीला आला. नुसत्या औषधांवर आहे. जिना चढून आला. मध्ये थांबला फक्त एकदा! सूज नाही, रात्री आडवा झोपतो. मी त्याच्या छातीला नळी लावली आणि नुसती ऐकतच राहिले. त्याला वाटलं काही बिघडलंय.

"डॉक्टरबाई, आहे ना आत काही?"

"आहे. छान चाललंय."

"खोटं नाही सांगत, त्या दिवशी चिठ्ठीत औषधं निघाली तेव्हा लई वाईट वाटलं. म्हटलं, जन्मभर मी लोकांचं शिवलं, आणि मला शिवायची वेळ आली तर माझाच नंबर चुकला!" आणि हसला.

दार लावून दहा मिनिटं बसून राहिले. एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे. दोन माणसंही नव्हेत. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण डोळ्यांना कोण शिकवणार?

१९ फेब्रुवारी

दादाला परत अतिदक्षता विभागात नेलं. डायलिसिस.

२४ फेब्रुवारी

आज त्याला सांगितलं.

सांगायचं ठरवून गेले नव्हते. तो म्हणाला, "तोंड पाडून बसू नकोस गं. चिठ्ठी निघाली तशी निघाली. यात तुझा काय दोष? लॉटरीच ती." तो माझी समजूत घालत होता! नाकात नळी, ओठ कोरडे, आणि माझी समजूत! मला सोसवेना. सगळं बोलून टाकलं — पेटी, दिवा, दोन लिफाफे, खोडलेले आकडे.

मला वाटलं, तो म्हणेल, "माझ्यासाठी केलंस ना." तसं म्हणावं असं वाटत होतं, हेही लिहिते.

तो म्हणाला, "तो शिंपी? बाकावर शेजारी बसलेला?"

"हो."

"त्याच्या हक्काचं काढून मला दिलंस."

"दादा, मला वाटलं —"

"सबंध चाळीत पाणी आलं नाही तरी आपल्या घराला मी चोरून जोड दिला नाही. कधीच नाही. आई ओरडायची, घरात प्लंबर असून बादल्या भराव्या लागतात म्हणून. तुलाच पाठवायचो ना रांगेत?" धाप लागली. मग परत, "त्याला माहितीय?"

"नाही."

"सांग त्याला. आणि तुमच्या त्या वहीत काय असेल ते सरळ कर. माझं व्हायचं ते होईल."

"त्याची तब्येत चांगली आहे दादा. उलट बरंच झालं त्याचं."

"ते तुला नंतर कळलं," तो म्हणाला. "घेतलंस तेव्हा चांगलं म्हणूनच घेतलंस ना?"

आयुष्यभर वाद घातले. इतकं सरळ कुणी मला पाडलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

माझ्याशी बोलला नाही. वहिनीशी बोलला. माझ्याकडं पाहून हात मात्र थोडा वर केला. राग होता की निरोप, कळलं नाही.

२८ फेब्रुवारी

दादा गेला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. शस्त्रक्रियेनंतर बेचाळिसावा दिवस.

११ मार्च

वहिनीकडं गेले. दादाच्या हत्यारांची पिशवी दाराशी तशीच. पाने, आटे पाडायचं यंत्र, तागाचा गुंडा. वहिनी म्हणाली, "तुम्ही होता म्हणून त्यांना सगळं मिळालं, वन्सं. नाहीतर आमच्यासारख्यांना कोण विचारतं?"

तिला सांगता आलं नाही. दादानं शिंप्याला सांग म्हटलं होतं, हिला नाही — अशी पळवाट काढली. वकिलाला लाजवीन मी.

२ एप्रिल

भाषणाचं आमंत्रण. 'दुबळ्या हृदयाची बाजू.' नाही म्हणून कळवलं. फोनवरच्या बाईंना वाटलं मी आजारी आहे. "मॅडम, तुम्ही आणि नाही?"

१६ एप्रिल

शिंप्याला सांगितलं. त्याची मुलगीही सोबत होती. मी उभी राहून सांगितलं, बसून सांगवेना. भाषण नाही, पाच-सहा वाक्यं. तुमच्या लिफाफ्यात शस्त्रक्रिया होती. ती मी काढून माझ्या भावाला दिली. तो वारला.

मुलगी उसळली. "म्हणजे तुम्ही माझ्या बापाला मरायला सोडलं होतं! तुमचा भाऊ तेवढा माणूस? आमचा बाप म्हणजे काय चिंधी?" एकेक शब्द खरा. मी मान खाली घातली.

शिंपी तिला म्हणाला, "गप बस जरा." मग बोटांनी शर्टाच्या शिवणीची कड चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "त्या दिवशी घरी जाऊन मी रडलो होतो डॉक्टरबाई. मला मिळालं नाही म्हणून." शर्टाची कड सोडली. "आता मी कुणासाठी रडायचं, ते सांगा."

पुढच्या तपासणीला दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवा म्हणाला. पाठवलं.

३० जुलै

चारशेव्या माणसाचे सहा महिने भरले. आता तक्ता उघडायचा. आजवर कोणत्या बाजूला किती मेले ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. ते फक्त अभ्यासाचा हिशेब ठेवणाऱ्या आकडेवाल्या बाईंच्या कुलपात.

मी बोलले तर काय होईल, हे कळतं मला. लोक म्हणतील, जिनं एक लिफाफा बदलला तिनं किती बदलले असतील? बारा वर्षांचं काम मातीत. आणि ज्या दुबळ्या माणसांसाठी एवढा घसा फोडला, त्यांची शस्त्रक्रियाही माझ्याबरोबर बदनाम. दादा, एकदा गप्प बसू दे ना! — असं आज मोठ्यानं म्हटलं. रिकाम्या खोलीत.

४ ऑगस्ट

सांगितलं. आधी अधिष्ठात्यांना, मग आकडेवाल्या बाईंना. अभ्यासाच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिला. चौकशी समिती बसेल. बसू दे.

आकडेवाल्या बाईंनी चष्मा पुसला, नोंदवही मागवली. मी म्हटलं, "ही दोन नावं गाळावी लागतील ना?"

"गाळायची नाहीत," त्या म्हणाल्या. "नोंदवहीत ज्याचा जो आकडा, त्या आकड्याचा जो लिफाफा, त्या बाजूला तो माणूस मोजायचा. प्रत्यक्षात त्याला काय मिळालं ते विचारायचं नाही. नाहीतर प्रत्येक डॉक्टर आपले मेलेले पलीकडं ढकलील."

"म्हणजे ३९१..."

"औषधांच्या बाजूला. मृत."

"अहो, त्याची छाती उघडली होती! तो शस्त्रक्रियेनं गेला!"

"मला माहीत आहे. आणि ३९२ शस्त्रक्रियेच्या बाजूला. जिवंत."

"त्याच्या अंगाला सुईसुद्धा लागलेली नाही!"

त्यांनी अभ्यासाचं पहिलं पान माझ्यापुढं सरकवलं. नियम चौथा. खाली माझी सही. "नियम चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तो मला पटवून दिला होता. तासभर बोलला होतात. खाली तळटीप लिहू आपण. जे घडलं ते सगळं."

मग एक गोष्ट आणखी समजावली. ती मलाही ठाऊक होती, पण ऐकून घेतली. दोन्हीकडच्या मृत्यूंत थोडा फरक नशिबानंही पडतो. किती पडला म्हणजे नशीब म्हणता येणार नाही, ती रेघ आधीच आखलेली असते. फरक रेघेच्या अलीकडं राहिला तर शस्त्रक्रिया सिद्ध झाली नाही. पलीकडं गेला तर जगभर केली जाईल.

१९ ऑगस्ट

तक्ता उघडला. शस्त्रक्रियेच्या बाजूला दोनशेंत चाळीस मृत्यू, औषधांच्या बाजूला अठ्ठावन्न. रेघ ओलांडली. सहकाऱ्यानं टेबलावर थाप मारली, सिस्टर रडली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आकडेवाल्या बाईंनी दुसरा कागद फक्त मला दाखवला. मी गप्प बसले असते आणि फायलींवरचे बदललेले आकडेच धरले गेले असते तर — एक्केचाळीस आणि सत्तावन्न. रेघेच्या अलीकडं.

त्या अठ्ठावन्नांत दादा आहे.