बिनगोंड्याच्या स्पोरनचं बारसं

ॲबरफेल्डी, ता. ९ मार्च १९८६

प्रिय रॅनल्डदादा,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला, बोलणी खायला तयार आहे. पण आधी माझं गाऱ्हाणं ऐक.

माझी स्पोरन तयार झाली! अगदी पहिली, मी स्वतः बेतलेली. गोंडे नाहीत, सीलची फर नाही, चांदीची पट्टी नाही. किल्टवर कमरेला बांधायची साधी तपकिरी चामड्याची पिशवी, वर झाकण आणि एक पितळी गुंडी. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, की गोंडे लावायचे राहिलेत की सामान संपलं? आता दुकानात येईल त्याला सांगत असतात, आमच्या एफीने टपाल्याची पिशवी केलीय म्हणून.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. नाव ठरल्याशिवाय झाकणाच्या आत घराण्याचा शिक्का उठत नाही, आणि शिक्क्याशिवाय माल विकला जात नाही. शिक्का बाबांच्या खणात. म्हणाले, गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितली तर उठवीन. एका लग्नाचे लोक साध्या स्पोरनी बघायला येणार आहेत. तेही परत गेले, तर मी जन्मभर बाबांच्याच नमुन्यांना गोंडे ओवत बसणार. दादा, ही चांगली झालीय असं त्यांनी एकदा म्हणावं, एवढंच मला हवंय रे.

रिवाजाप्रमाणे डोंगरातल्या एखाद्या खोऱ्याचं नाव द्यावं, तर सगळी चांगली खोरी बाकीच्या कारागिरांनी केव्हाच उचललीत. शेजारच्या क्रुकशँकबाईंनी ‘विनय’ सुचवलं. पोटाखाली लोंबणाऱ्या वस्तूला विनय! मी हसू दाबत चहा ओतला.

लवकर सुचव. वहिनीला नमस्कार, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एफी

ओबन, ता. १५ मार्च

चि. एफीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बोटीवर वाचलं. गाड्या चढवता चढवता एवढा हसलो, की कप्तानाला वाटलं सकाळीच घेतलीय. ‘विनय’ ठेवच, म्हणजे पाद्रीबुवाच पहिली घेतील.

अगं वेडे, साऱ्या स्कॉटलंडचा नकाशा कशाला धुंडाळतेस? घरामागे ग्लेन लायन आहे ना! लहानपणी तिथल्या ओढ्यात तू माझा बूट वाहवलास, मार मात्र मी खाल्ला. खोरंही तुझ्या पिशवीसारखंच, नटवं नाही. नावही कसं भारदस्त. डोळे मिटून ठेव. बाबा कुरकुरतील, पण त्यांची कुरकुर म्हणजे निम्मी संमती समज.

तुझी वहिनी शीना म्हणते, सगळी नावं बायकाच शोधतात आणि फुशारकी पुरुष मारतात. बाबांची काळजी घे आणि आमची आठवण ठेव.

तुझा,
रॅनल्ड

ॲबरफेल्डी, ता. २९ मार्च

दादा,

नमस्कार करते, पण रागाने.

लग्नाचे लोक आले. नवरदेवाला स्पोरन बघताक्षणी आवडली. कमरेला बांधून आरशापुढे उभाही राहिला. तेवढ्यात त्याच्या काकांनी माझ्या हातची ‘ग्लेन लायन’ अशी नावाची चिठ्ठी वाचली आणि विस्तव हाती लागावा तशी स्पोरन सोडवून खाली ठेवली. दादा, ते ग्लेनकोचे मॅकडॉनल्ड! म्हणाले, पाहुणा म्हणून आमच्या वाडवडिलांच्या घरात शिरला, पोटभर जेवला आणि यजमानांच्याच जिवावर उठला, त्या ग्लेन लायनच्या कॅम्पबेलच्या खोऱ्याचं नाव कमरेला बांधून आमचा मुलगा देवापुढे उभा राहणार नाही. ग्लेनकोच्या त्या कत्तलीला तीनशे वर्षं होत आली, पण त्यांचा आवाज असा, की काल घडलं.

मी तोंड लपवून मागच्या खोलीत पळाले. बाहेर काय बोलणं झालं, कोण काय घेऊन गेलं, देव जाणे. बाबा रात्री जेवताना मीठ मागण्यापुरते बोलले. त्यांनी रागावलेलं मला चाललं असतं.

पिटलॉक्रीच्या हॉटेलात नोकरीचं विचारून ठेवलंय. चादरींना तरी नाव द्यावं लागत नाही. तुझ्यावरचा राग ओसरला की पुन्हा लिहीन.

एफी

ॲबरफेल्डी, ता. १ एप्रिल

चि. रॅनल्ड यास आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहोत.

मॅकडॉनल्डना मी सांगितलं, की नाव चुकीचं पडलंय. पोरीने भावाला विचारलं, आणि भाऊ ओबनला, कॅम्पबेलांच्या मुलखात राहून अक्कल गमावून बसलाय. त्यावर नवरदेवाचे काका हसले आणि म्हणाले, मग खरं नाव सांगा. मी काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून ‘एफी’ निघून गेलं. त्यांनी पुन्हा एकदा शिवण निरखली आणि म्हणाले, नवरदेवाला आणि सोबतच्या सगळ्यांना एफीच द्या. गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितली. मी शिक्का उठवला.

एफीची टिंगल मी पुष्कळ केली. पण गोंड्यांखाली वाकडा टाका खपून जातो, हे मला ठाऊक नसेल तर कुणाला? हिच्या पिशवीत लपवायला जागाच नाही, आणि लपवावं असं काही नाही. एवढं स्वच्छ काम माझ्या हातून कधी झालं नाही.

हे त्याच रात्री तिला सांगायचं होतं. ताटावर बसलो आणि मीठ मागून मोकळा झालो. तुझी आई असती तर तिने माझ्या वतीने सांगितलं असतं. आता क्रुकशँकबाईंकडून कळतंय, की पोर हॉटेलात चालली.

शीनाला आशीर्वाद सांग. उन्हाळ्यात या. माझ्या या स्वभावासकट मला सांभाळून घ्या.

हे पत्र टपालात टाकायला एफीच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझे,
बाबा