एका ओळीत न मावणारं पद

मानेवाडा, नागपूर
८ जानेवारी २०२६

चि. सुशील यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. थंडी यंदा चांगलीच आहे, तुझ्या बाबांचा गुडघा होता तसाच आहे. भूमिकेच्या लग्नाला जेमतेम महिना उरला आहे आणि ती अजून ब्लाउजच्या बाह्यांवर अडली आहे. सौ. भावनाची प्रकृती बरी असेल.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला तसं सांगता येत नाही.

मुद्दा पत्रिकेचा. होणाऱ्या जावयाचे, रोहितचे, ऑफिसातले लोक बंगळुरूचे, म्हणून त्यांच्यासाठी एक पत्रिका इंग्रजीत काढायची ठरली. आपल्याकडे पत्रिकेत नावापुढे हुद्दा लागतोच. म्हणून मी सगळ्यांना कळवलं की आपापला हुद्दा इंग्रजीत पाठवा. माझीच चूक. तीस वर्षं ऑफिसात साहेब लोकांच्या मसुद्यांतले जास्तीचे शब्द खोडले, निवृत्त झाल्यावर आता नातेवाइकांचे खोडते आहे.

देवरावमामाने पाठवलं, "रिटायर्ड एक्स-हेडमास्टर". मी एक्स काढला. लगेच उमरेडहून फोन. "ताई, एक्स काहून काढला वं?"

मी म्हटलं, "रिटायर्ड आहे ना पुढे? माणूस एकदाच निवृत्त होतो."

"पण दोन्ही असलं का जरा भारी वाटते."

"भारी वाटायला शाल घाल."

कामिनीआत्याने "लेडी स्टाफ नर्स सिस्टर" लिहून दिलं. कामिनी हे नाव वाचून तिला कोण पुरुष समजणार आहे? आणि नर्स म्हटल्यावर परत सिस्टर कशाला? रोहितचे काका "बीडीओ ऑफिसर". त्या बीडीओतला शेवटचा ओ कशाचा आहे, हे इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांना कुणी सांगितलं नाही. खुद्द तुझ्या बाबांनी "रिटायर्ड एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, इंजिनियरिंग डिपार्टमेंट" लिहिलं. इंजिनियर दुसऱ्या कोणत्या खात्यात असतो, असं विचारलं तर पेपर तोंडापुढे धरून बसले.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. मग तुझा मेसेज आला.

"इंडिपेंडंट फ्रीलान्स सेल्फ-एम्प्लॉइड कन्सल्टंट अॅडव्हायझर."

महाल भागातल्या प्रेसमध्ये साहिल माझ्यासमोर कॉम्प्युटरवर बसला होता. तो म्हणाला, "काकू, भाऊचं पद एका लाइनीत बसून नाही राहिलं. फॉन्ट बारीक करू का?"

मी म्हटलं, "फॉन्ट नको, शब्द कमी करू. इंडिपेंडंट, फ्रीलान्स आणि सेल्फ-एम्प्लॉइड, तिन्हींचा अर्थ एकच."

"अन् ते कन्सल्टंट, अॅडव्हायझर?"

"त्या दोघांचाही एकच."

"म्हणजे दोनच शब्दांचं काम होतं," तो म्हणाला. "पण राहू द्या ना काकू, मोठं पद दिसते. आमच्याकडे लोक तर अजून जोडून मागतात."

मी त्याला सांगितलं की ही ओळ सध्या कोरी ठेव, आणि घरी आले.

सुशील, तुला मी इंग्रजी शिकवलं. सहावीत तू "रिटर्न बॅक" लिहिलंस म्हणून तुझी वही परत दिली होती. तुला हे कळत नाही असं मी मानणार नाही.

१२ जानेवारी

त्या दिवशी इथवर लिहून ठेवून दिलं होतं. आज पुढे लिहिते.

दिवाळीत तू आला होतास तेव्हा शेजारच्या मुग्धाने विचारलं, दादा, तू काय करतोस? तू म्हणालास, "डेटाबेस बघतो." दोन शब्द. तिला समजलं, मलाही समजलं. आता पाच शब्द वाचूनही तू सकाळी उठून काय करतोस ते समजत नाही.

आमच्या ऑफिसात एक साहेब होते. त्यांच्याकडची सगळी कामं एका ऑर्डरने काढून घेतली, फक्त खोली ठेवली. त्याच आठवड्यात त्यांनी दारावरची पाटी मोठी करून मागितली. नवं पदनाम मलाच टाइप करायला दिलं होतं. "स्पेशल ऑफिसर ऑन स्पेशल ड्यूटी." मी एक स्पेशल काढायला निघाले, तर ते म्हणाले, "असू द्या बाई." मी असू दिला. त्यानंतर रोज दुपारी ते डबा घेऊन खोलीचं दार आतून लावून घ्यायचे.

तुझा मेसेज वाचला आणि ते दार आठवलं.

म्हणून मी भावनाला फोन केला. तिने मला काहीही सांगितलेलं नाही, तेव्हा तिला एक शब्द बोलू नकोस. मी विचारलं, "सुशील ऑफिसला गेला का?" ती म्हणाली, "आई, तुम्ही त्यांनाच विचारा ना." एवढंच. पण आवाज रडवेला होता.

विचारत नाही. नोकरी कधी गेली, कशी गेली, ते तुला वाटेल तेव्हा सांग. नोकऱ्या जातात. तुझा राग येतो तो याचा की तू लग्नाच्या दिवशी सकाळी येऊन रात्रीच्या गाडीने परत जाणार म्हणतोस. एकुलत्या बहिणीचं लग्न, आणि तू पाहुण्यासारखा येणार! हळदीला नाही, सीमांतपूजनाला नाही. का? तर कुणीतरी "काय चाललंय सध्या?" विचारील आणि तुला हे पाच शब्द म्हणावे लागतील म्हणून. भूमिका रोज विचारते, दादा कधी येतो. मी तिला दटावते.

आता पत्रिकेचं काय केलं ते सांगते. ती छापून झाली आहे.

तुझ्या एकट्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवली असती तर अख्ख्या गोतावळ्याने तिथेच बोट ठेवलं असतं. म्हणून मी सगळ्यांचेच हुद्दे काढले. साहिल म्हणाला, "काकू, असं तर कोणीच नाही छापत." मी म्हटलं, आम्ही छापतो. देवरावचा हेडमास्टर गेला, कामिनीची नर्स गेली, काकांचे सगळे ओ गेले. तुझ्या बाबांचा एक्झिक्युटिव्ह इंजिनियरही गेला. चौतीस वर्षं त्यांनी त्या दोन शब्दांसाठी घालवली, आणि पोरीच्या लग्नात ते छापून यावेत एवढीच त्यांची हौस होती. पत्रिका हातात घेऊन त्यांनी विचारलं, "माझंही काढलंस?" मी म्हटलं, जागा नव्हती. कालपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. देवराव म्हणतो, ताईने भावाचा अपमान केला, लग्नाला येत नाही. कामिनी म्हणते, वहिनीला इंग्रजीचा गर्व आहे.

म्हणू दे. मी पहिल्यापासून हेकट आहे हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण बाबांना मी खोटं कारण सांगितलं, ते मला फार दिवस झेपणार नाही.

तेव्हा तू आठ दिवस आधी ये. मंडपवाल्याशी बोलायला, रोहितच्या माणसांना स्टेशनवरून आणायला मला माणूस हवा आहे. देवरावमामाकडे उमरेडला तू स्वतः जाऊन त्याला घेऊन ये, तुझं तो ऐकेल. कुणी विचारलं काय करतोस, तर सांग, सध्या घरी आहे. तीन शब्द आहेत आणि त्यातला एकही जास्तीचा नाही.

बाबांना मात्र तूच सांगायचं. ते आधी ओरडतील. त्या वेळी मी चहाच्या निमित्ताने आत जाणार नाही, तुझ्या शेजारी बसून राहीन.

वाट पाहते, असं मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. तुला लिहिते.

आई