मांडीवरची जागा

माय, तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. तुझा नातू आता दोन वर्षांचा आहे, आणि दोन आठवड्यांपासून मी त्याला इथं वाशीममध्ये एका पाळणाघरात सोडते. त्याचे बाबा सकाळच्या एसटीनं कारंजाला कापसाच्या जिनिंगवर जातात ते दिवेलागणीला परततात. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्या गावीच थोरल्या दिरांकडे असतात. माझं ऑफिस दहाचं. पाळणाघर म्हणजे एका तरुण बाईच्या घरातल्या दोन खोल्या, आठ-नऊ लेकरं, आणि त्यांच्यात तिची स्वतःची तीन वर्षांची मुलगी.

पहिले काही दिवस तो इतका रडला की प्यालेलं दूध उलटून टाकायचा. दारात माझी ओढणी मुठीत धरायचा. एकेक बोट सोडवावं लागायचं. अकराच्या सुमारास फोन यायचा आणि मी हातातली फाइल तशीच टाकून धावायची. रजा संपल्या. साहेब रागावले नाहीत, फक्त म्हणाले की सोमवारपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर तुमच्या टेबलावर दुसरं कुणी बसवावं लागेल. मी कंत्राटी आहे, माय. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. पाळणाघराची बाईही थकली होती. शुक्रवारी तिनं सरळच सांगितलं, "ताई, तुमी दारात उभ्या राहू नका. तुमी दिसल्या का तो अजून रडते."

मी निघाले, पण गाडी चालू केली नाही. घराच्या बाजूनं जाऊन खिडकीशी उभी राहिले. आत माझं लेकरू त्या बाईच्या मांडीवर हुंदके देतंय, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय. तेवढ्यात तिची मुलगी येते, पदर ओढते आणि म्हणते, "माय, मले घे." बाई तिच्याकडे बघत नाही. पदरातला तो छोटा हात सोडवते आणि म्हणते, "मांगून. जाय, तिकडं बस." मुलगी रडली नाही. पाण्याच्या ड्रमपाशी जाऊन, भिंतीकडे तोंड करून बसली. माझा मुलगा हळूहळू गप्प झाला.

त्या ड्रमपाशी मी बसलेली होते, माय.

मी चार वर्षांची असेन. वाशीमकडच्या मालेगावजवळचं आपलं गाव, बुद्धविहाराला लागून असलेली ती खोली, आणि तू अंगणवाडीची बाई. तुझ्या हातची खिचडी चालत नाही म्हणून कितीतरी दिवस गावातली मोठी घरं आपल्या वस्तीत लेकरं पाठवत नव्हती. मग त्यातल्या एका घरातून पहिल्यांदाच एक नातू आला. त्याची आजी दारात उभी राहून बघत होती, तो तुझ्या मांडीवर रडत होता आणि तू त्याला घास भरवत होतीस. माझा अंगठा ठेचाळून रक्त येत होतं. मी "माय" करत धावत आले तर तू एका हातानं मला बाजूला सारलंस. म्हणालीस, "इथं मले बाई म्हणजो." संध्याकाळी घरी तू अंगठा धुतलास आणि हळद लावलीस.

दहावीनंतर एकदा मी तुला विचारलंच की काहून तसं केलं होतं. तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "तो पोरगा उठून गेला असता तर मंग त्यांच्यातलं कोणीच आलं नसतं." मी म्हटलं, "अन् मी?" तू सुपातले तांदूळ पाखडायला घेतलेस. तू जाईपर्यंत मग मी तो विषय पुन्हा काढला नाही.

सोमवारी तो रडला, पण थोडाच. मंगळवारी चप्पल काढून आपणहून आत गेला आणि त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. आता अकरा वाजता फोन येत नाही. माझं टेबल माझ्याकडेच राहिलं. घरचे सगळे म्हणतात, रुळला एकदाचा. त्याच्या बाबांनी पेढे आणले.

तो कसा रुळला हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हा कागद तुला कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. त्या शुक्रवारी खिडकीशी मला आधी बरं वाटलं होतं. त्या पोरीचं वाईट नंतर वाटलं. आणि संध्याकाळी त्याला घ्यायला गेले तेव्हा, ती मुलगी तिथंच आईला खेटून उभी असताना, मी त्या बाईला म्हटलं, "माह्या पोराले आणखी काही दिवस असंच मांडीवर घेत जा." बाईनं मान डोलावली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी लेकराला स्कूटीवर पुढं उभं केलं आणि तिच्याकडे न बघता गाडी चालू केली.