अंडी गोठवण्यात माझा सिंहाचा वाटा

३ मार्च
बायकोच्या डाव्या बीजकोशातली गाठ काढली. कॅन्सरचीच निघाली. आता केमो. पण त्याआधी उजव्या बीजकोशातून अंडी काढून गोठवली तर पुढेमागे मूल होण्याची आशा राहील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. घाई करायला हवी. घरात कुणीतरी खंबीर राहायला हवं. मी राहणार. आजपासून रडणं बंद.

५ मार्च, सकाळी
रोज पोटात इंजेक्शन. ते द्यायची जबाबदारी छातीठोकपणे घेतली. नर्सने शिकवलं. डाव्या हातचा मळ आहे.

५ मार्च, संध्याकाळी
सुई बघून घेरी आली. दुपारी नीट जेवलो नव्हतो. हिने स्वतःच टोचून घेतलं आणि मग माझ्या तोंडावर पाणी मारलं. उद्यापासून मी कापूस धरणार. कापसाचं महत्त्व लोकांना कळत नाही.

८ मार्च
औषधं सांभाळायचं खातं माझ्याकडे. अंडी गोठवायची आणि औषध नुसतं गार? छे! सगळं फ्रीजरमध्ये ठेवलं.

९ मार्च
ठेवायचं नव्हतं म्हणे. गोठलं की औषध वाया. सूचना इतक्या बारीक अक्षरांत छापतात! ही स्वतःच चालत जाऊन नवीन घेऊन आली. डोस चुकला नाही. चालणं चांगलंच, डॉक्टरबाईच सांगतात.

१२ मार्च
सोनोग्राफी झकास. डॉक्टरबाईंनी विचारलं, नुसती अंडी गोठवायची की गर्भ तयार करून गोठवायचे? ही म्हणाली, विचार करून सांगते. यात विचार कसला? गर्भ म्हणजे निम्मं काम माझं. सिगारेट बंद. अक्रोड सुरू. घट्ट पँट बंद, कपाटातून ढगळ बाहेर काढल्या.

१४ मार्च
सिगारेट एकच. टेन्शनमुळे. दोन अक्रोड जास्त खाऊन भरपाई केली.

१६ मार्च
आज अंडी काढायची. इस्त्रीचा शर्ट घालून हजर. नर्सला म्हटलं, मी तयार आहे. ती म्हणाली, कशाला? तुमचं काही काम नाही. हिने नुसत्या अंड्यांसाठी सही केली होती.

रागच आला. ही हॉस्पिटलचा गाऊन घालून खाटेवर. जाब विचारला. तर म्हणाली, मी नाही राहिले तर त्या गर्भांचं काय करायचं, हे तुला एकट्याला ठरवावं लागलं असतं. तू भाजी आणायला गेलास तरी तीनदा फोन करतोस. तेव्हा कुणाला करशील?

माझ्याकडे चोख उत्तर होतं. पण रडूच फुटलं. हुंदके देऊन.

वॉर्डबॉय खाट आत न्यायला आला. ही त्याला म्हणाली, जरा थांबा हो, ह्याचं होऊ दे.